जपानी लॅकरचे दोन पेटारे आणि त्यांच्या मालकांची साखळी : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी तयार होत असलेल्या मराठी अभ्यासपुस्तिकेत एखाद्या जुन्या वस्तूच्या मालकीचा इतिहास आरंभापासून आजपर्यंत उलगडून दाखवायचा, असे ठरले आहे. आरंभी एखादा जपानी लॅकरचा, म्हणजे झाडाच्या चिकाचे चकचकीत थर चढवलेला, घडीचा पडदा निवडावा, असा विचार होता. परंतु युरोपात गेलेल्या लॅकरकामाची वाट फार वेळा मध्येच खुंटते, कारण अठराव्या शतकातील पॅरिसच्या कारागिरांनी जपानी कपाटे, पेटारे आणि पडदे करवतीने कापून त्यांच्या पातळ फळ्या आपल्या फर्निचरवर चढवल्या. बर्नार व्हान रिझनबर्ग याने १७३७ साली फ्रान्सची राणी मारी लेश्चिन्स्का हिच्या फोंतेनब्लो येथील दालनासाठी घडवलेले खणांचे कपाट आज लूव्हरमध्ये आहे. ते अत्यंत देखणे आहे, पण त्याच्या दर्शनी भागावरचे लॅकर मुळात ज्या जपानी वस्तूचे होते, तिचा स्वतंत्र इतिहास त्या कपाटापाशीच संपतो. विद्यार्थ्यांपुढे ठेवायची वस्तू अखंड राहिलेली हवी.

म्हणून १६४०च्या सुमारास क्योतो येथे घडवलेल्या दोन पेटाऱ्यांची निवड केली आहे. एक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे आणि तो ‘माझारँ पेटारा’ या नावाने ओळखला जातो. दुसरा, आकाराने मोठा, अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. सव्वादोनशे वर्षांच्या आसपास दोघांचे मालक एकच होते. १८८२ साली ते वेगळे झाले. एका पेटाऱ्याची नोंद त्यानंतर संग्रहालयाच्या दप्तरात सुरक्षित राहिली आणि दुसरा जगाच्या नजरेआड गेला. मालकीच्या नोंदींचे मोल या जोडीइतके स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही.

११ जानेवारी २०२५

माध्यमाविषयीचे टिपण लिहिले. आपल्याकडे सावंतवाडीच्या खेळण्यांवर चढणारी लाख ही किड्यापासून मिळणारी राळ असून ती लेथवर फिरणाऱ्या लाकडाच्या घर्षणाने वितळून बसते. जपानी उरुशी हा झाडाचा चीक आहे आणि त्याचे गुणधर्म अगदी निराळे आहेत. हे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातले असल्यामुळे ओल्या उरुशीने कातडीवर जे होते ते बिबा उतलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. उरुशी कोरड्या हवेत सुकत नाही. तिला दमट आणि उबदार कपाट लागते, कारण चिकातील विकराच्या साहाय्याने ती हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. एक थर बसला की तो घासून गुळगुळीत करायचा आणि मग पुढचा द्यायचा, असे अनेक थर होतात. एकदा पक्की झालेली उरुशी पाणी, मद्यार्क आणि आम्ले यांना दाद देत नाही. तिचा खरा शत्रू प्रकाश आहे. या दोन गोष्टी पुढे राइक्सम्यूझियमच्या पेटाऱ्याच्या प्रकरणात महत्त्वाच्या ठरतात, म्हणून त्या येथेच ठळकपणे मांडल्या आहेत.

माकिए या सजावटीचे वर्णन करताना कामाचा क्रम सोडायचा नाही, असे ठरवले. कारागीर उंदराच्या केसांच्या बारीक कुंचल्याने ओल्या उरुशीत रेघ काढतो आणि ती सुकण्यापूर्वी, टोकाला रेशमी जाळी बांधलेल्या लहान नळीवर बोटाने हलके टिचकी मारत सोन्याची भुकटी त्या रेघेवर पाडतो. भुकटी बसल्यावर पुन्हा उरुशीचा हात, पुन्हा सुकवण आणि मग कोळशाने घासणे. चित्राचा एखादा भाग उंच उठवायचा असेल, तर उरुशीत कोळशाची किंवा मातीची पूड मिसळून आधी त्याचा उंचवटा रचावा लागतो. खडक, झाडांची खोडे आणि घरांची छपरे या पद्धतीने उठवलेली दिसतात. पुस्तिकेत हा परिच्छेद छायाचित्राच्या अगदी शेजारी यावा, अशी सूचना मांडणीकाराला दिली आहे.

१८ जानेवारी २०२५

पेटाऱ्यांवर कारागिराची सही नाही. मग ते कोणाच्या कार्यशाळेतले, हे कशावरून ठरते? उत्तर तुलनेत आहे. कोआमी घराण्याच्या दहाव्या पिढीतील कोआमी नागाशिगे (१५९९–१६५१) याने शोगुन (जपानचा लष्करी शासक) तोकुगावा इएमित्सू याची कन्या चियोहिमे हिच्या १६३९च्या विवाहासाठी लॅकरच्या वस्तूंचा एक भव्य संच तयार केला. ‘गेंजीची कथा’ या अभिजात जपानी ग्रंथातील ‘हात्सुने’ या प्रकरणावर त्याची सजावट बेतलेली असून तो आज नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयात राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन केलेला आहे. चियोहिमे त्या वेळी अगदी अजाण बालिका होती, परंतु संचाची सिद्धता शोगुनच्या घराला साजेशी झाली. आपल्या दोन्ही पेटाऱ्यांवरही ‘गेंजी’तील दृश्ये आहेत. कामाचा दर्जा, साहित्याची सढळता आणि काळ या तिन्ही बाबतींत ती त्या संचाला इतकी जवळ आहेत की नागाशिगेच्या कार्यशाळेचे नाव घेतले जाते.

येथे विद्यार्थ्यांना एक भेद स्पष्ट करून द्यायचा आहे. चियोहिमेच्या संचामागे कागदपत्रांचा आधार आहे. पेटाऱ्यांचे श्रेय तज्ज्ञांच्या डोळ्यावर उभे आहे. दोन्ही विधाने आदरणीय आहेत, पण त्यांचे वजन सारखे नाही. म्हणून मालकीच्या तक्त्यात प्रत्येक दुव्यासमोर ‘पुरावा कोणत्या प्रकारचा’ असा रकाना घातला आहे.

२ फेब्रुवारी २०२५

डच व्यापाऱ्यांचा दुवा लिहिताना नोंद अपेक्षेपेक्षा लांबली, परंतु ती तशीच राहू द्यावी असे वाटते.

जपानी लॅकरचा पहिला मोठा युरोपीय ग्राहक पोर्तुगीज होता. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात नागासाकीहून मकाव, मलाक्का आणि गोवा या मार्गाने लिस्बनला जाणाऱ्या मालात शिंपल्याच्या मढणीने गच्च भरलेल्या पेट्या, धर्मग्रंथ ठेवण्याच्या घडीच्या बैठका आणि चर्चमधील विधींसाठीचे डबे असत. १६३९ साली पोर्तुगीजांना जपानमधून कायमचे हद्दपार केले गेल्यावर युरोपीयांपैकी केवळ डच ईस्ट इंडिया कंपनी तेथे उरली. त्याच सुमारास शिंपल्याची गच्च मढणी मागे पडून काळ्या झिलईदार पार्श्वभूमीवर सोन्याने रंगवलेल्या दृश्यांना मागणी येऊ लागली. आपले पेटारे या बदलत्या काळाचे अपत्य आहेत.

१६३९ ते १६४१ या काळात जपानमधील हिरादो येथील डच वखारीचा प्रमुख फ्रान्स्वा कारों होता. जहाजाच्या भटारखान्यातला मदतनीस म्हणून पूर्वेकडे आलेला हा माणूस जपानी भाषा शिकून वखारीच्या सर्वोच्च पदावर पोहोचला. १६४० साली नव्या दगडी गोदामावर ख्रिस्ती शक कोरल्याचे निमित्त करून शोगुनच्या अधिकाऱ्याने ते पाडण्याची आज्ञा दिली, तेव्हा कारोंने एका शब्दानेही प्रतिवाद न करता तत्काळ पाडकामाला माणसे लावली आणि त्यामुळे कंपनीचा जपानमधील व्यापार वाचला. पुढच्याच वर्षी वखार नागासाकीच्या देजिमा बेटावर हलवली गेली. उत्कृष्ट प्रतीच्या लॅकरवस्तूंची मागणी कंपनीने याच काळात नोंदवली.

बटाव्हियात (आजचे जकार्ता) त्या वेळी आंतोनियो व्हान दिमेन हा डच कंपनीचा गव्हर्नर-जनरल होता. त्याची पत्नी मारिया हिचे नाव झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेला एक जपानी लॅकरचा डबा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातच आहे. डब्यावर नाव असणे ही मालकीच्या इतिहासात क्वचित मिळणारी गोष्ट, कारण अशा वेळी वस्तू स्वतःच पहिल्या धन्याची साक्ष देते. मराठी वाचकासाठी या नावाला आणखी एक संदर्भ आहे. याच व्हान दिमेनच्या कारकिर्दीत डच आरमार दर हंगामात गोव्याच्या बंदराची नाकेबंदी करत होते, आणि त्या मोहिमेला रसद व पाणी मिळावे म्हणून आदिलशाही मुलखात वेंगुर्ले येथे १६३७ साली डच वखार उभी राहिली. तिचे पडके अवशेष आजही तेथे आहेत. मारिया व्हान दिमेनचा डबा आणि वेंगुर्ल्याची वखार ही एकाच दशकातील एकाच कंपनीची कामे आहेत, हे कोकणातल्या विद्यार्थ्याला नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल.

कारोंचा पुढचा प्रवासही आपल्या परिसरात येतो. डचांची नोकरी सोडून तो फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याच्या आग्रहाने फ्रेंच कंपनीत गेला आणि १६६८ साली त्याने सुरतेला फ्रेंचांची पहिली कोठी स्थापन केली. ऑक्टोबर १६७०मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर दुसरी स्वारी केली, तेव्हा फ्रेंच कोठीला धक्का लागला नाही; त्या वर्षांत त्या कोठीचा कारभार कारोंकडे होता. मराठी इतिहासाच्या पुस्तकांत सुरतेच्या फ्रेंचांचा प्रमुख ओझरता भेटतो, आणि लॅकरच्या अभ्यासात हिरादोचा कारों भेटतो. हे दोघे एकच आहेत, ही गोष्ट मराठीत एका ठिकाणी लिहिलेली असावी, एवढ्यासाठी हा परिच्छेद पुस्तिकेत ठेवत आहे.

९ फेब्रुवारी २०२५

कार्दिनाल माझारँ याच्या संग्रहात हे पेटारे १६५८ साली आले. फ्रान्सचा हा मुख्य मंत्री चित्रे, पुतळे, रत्ने आणि ग्रंथ यांचा त्या काळातील सर्वांत मोठ्या संग्राहकांपैकी एक होता.

लंडनच्या पेटाऱ्याच्या किल्लीचे छायाचित्र बराच वेळ न्याहाळले. पेटाऱ्याच्या कडांना आणि कोपऱ्यांना सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या जपानी पट्ट्या आहेत, पण किल्ली पोलादी असून ती फ्रेंच कारागिराच्या हातची आहे, आणि तिच्यावर माझारँ-ला मेय्यरे घराण्याचे मानचिन्ह आहे. कार्दिनालच्या मृत्यूनंतर, १६६१ साली, त्याचे नाव आणि संपत्तीचा मोठा हिस्सा भाची ओर्तांस मांचिनी आणि तिचा नवरा आर्मां-शार्ल द ला पोर्त द ला मेय्यरे यांच्याकडे गेला. म्हणजे ही किल्ली कार्दिनालची नसून त्याच्या वारसांच्या काळातील आहे, आणि पेटारा त्या घरात पुढच्या पिढीत होता हे ती सिद्ध करते. बोटभर लांबीच्या वस्तूवरून मालकीचा एक अख्खा दुवा पक्का होतो. किल्ल्या, लेबले, मेणाच्या मोहरा आणि पाठीवरचे खडूचे आकडे संग्रहालयात येताच ‘इतर’ म्हणून वेगळ्या डब्यात टाकण्याची सवय किती घातक आहे, हे विद्यार्थ्यांना येथेच सांगायला हवे.

आर्मां-शार्लविषयी एक नोंद अवश्य राहावी. धार्मिक वेडाच्या भरात त्याने माझारँच्या संग्रहातील नग्न पुतळ्यांवर हातोडा चालवला आणि चित्रांतील देहांवर रंग फासला. लॅकरचे पेटारे त्या तडाख्यातून सुटले.

२३ फेब्रुवारी २०२५

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर अनेक सरदारघराण्यांचे संग्रह इंग्लंडमध्ये पोहोचले. आपले पेटारे विल्यम बेकफर्ड (१७६०–१८४४) याच्याकडे आले. विल्टशरमध्ये त्याने फॉन्टहिल अ‍ॅबी नावाची अवाढव्य वास्तू उभारली आणि उत्तम जपानी लॅकर गोळा करण्यात त्या काळच्या इंग्लंडमध्ये त्याची बरोबरी करणारे फार थोडे होते. त्याची नजर अस्सल होती, यात शंका नाही. पण त्याची संपत्ती जमैकातील उसाच्या मळ्यांतून, गुलामांच्या श्रमातून आलेली होती, आणि हे वाक्य तळटीपेत न ढकलता मुख्य मजकुरात यावे, असा माझा आग्रह आहे. सहलेखकांपैकी एकांचे म्हणणे असे की, पुस्तिका कलावस्तूविषयी आहे, मालकांच्या नैतिकतेविषयी नाही. माझे मत निराळे आहे. मालकीचा इतिहास म्हणजे वस्तू कोणी, केव्हा आणि कशाच्या बळावर घेतली याचा इतिहास. तिसरा प्रश्न गाळला तर पहिल्या दोन उत्तरांना अर्थ उरत नाही. चर्चेअंती तक्त्यात ‘धनाचा उगम’ हा रकाना वाढवण्यास सर्वांनी मान्यता दिली.

साखरेचे उत्पन्न घटल्यावर बेकफर्डने १८२२ साली फॉन्टहिल विकले. विकत घेणारा जॉन फार्कर हा बंगालमध्ये बंदुकीच्या दारूच्या कारखान्यावर गबर झालेला होता. निवडक वस्तू मात्र बेकफर्डने बाथला आपल्याबरोबर नेल्या. त्याची कन्या सुझन हॅमिल्टनच्या दहाव्या ड्यूकला दिलेली होती. अशा रीतीने पेटारे स्कॉटलंडमधील हॅमिल्टन प्रासादात गेले.

२४ फेब्रुवारी २०२५

हॅमिल्टन प्रासादातील संग्रहाचा लिलाव १८८२च्या उन्हाळ्यात लंडनला क्रिस्टीजमध्ये झाला. लहान पेटारा साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने, घेतला. त्याची मालकी तेव्हापासून बदललेली नाही. तक्त्यातील हा भाग पूर्ण.

९ मार्च २०२५

मोठ्या पेटाऱ्याचे प्रकरण आज लिहून संपवले.

१८८२नंतर तो सर ट्रेव्हर लॉरेन्स (१८३१–१९१३) यांच्याकडे गेला. लॉरेन्स हे पेशाने शल्यवैद्य असून तरुणपणी हिंदुस्थानातील सैन्यात त्यांनी वैद्यकीय नोकरी केली होती. पुढे ऑर्किडचे जाणकार आणि रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे अध्यक्ष म्हणून ते प्रसिद्ध झाले. त्यांच्या निधनानंतर संग्रह विकला गेला आणि पेटारा वेल्समधील कोळशाच्या खाणींचे मालक सर क्लिफर्ड कोरी यांनी घेतला. याच काळात, पहिल्या महायुद्धानंतर, हॅमिल्टन प्रासाद पाडण्यास सुरुवात झाली. त्याच्या पायाखालची जमीन कोळशाच्या खाणकामाने पोकळ झालेली होती. ‘धनाचा उगम’ या रकान्यात कोरींपुढे ‘कोळसा’ लिहिताना हा योगायोग शेजारच्या टिपणात नमूद केला.

कोरी १९४१ साली, ऐन युद्धात वारले आणि त्यांच्या वस्तू पांगल्या. पेटारा कुठे गेला हे अभ्यासकांना कळेना, आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचे तज्ज्ञ पुढची अनेक दशके त्याच्या शोधात राहिले. वस्तुतः तो लंडनमध्येच होता. तेथे राहणाऱ्या एका पोलिश डॉक्टरांनी तो घेतला होता, आणि १९७० साली त्यांच्याकडून तो एका फ्रेंच अभियंत्याने १०० पौंडांना विकत घेतला. त्या घरात पेटाऱ्यावर टेलिव्हिजन ठेवला जाई. निवृत्तीनंतर अभियंता फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यात राहायला गेला, पेटाराही गेला, आणि तेथे त्यात मद्याच्या बाटल्या ठेवल्या जाऊ लागल्या. अभियंत्याच्या कुटुंबाने घरातील वस्तूंचे मोल करण्यासाठी लिलावदारांना बोलावले तेव्हा तो पुन्हा ओळखला गेला. ९ जून २०१३ रोजी शव्हेर्नी येथील लिलावात राइक्सम्यूझियमने तो सुमारे ७३ लाख युरोंना घेतला.

वर्तमानपत्रांनी ही कथा घबाड सापडल्याच्या थाटात रंगवली आणि अभियंत्याच्या अडाणीपणाची चर्चा केली. पुस्तिकेत तो सूर अजिबात येऊ द्यायचा नाही. त्या माणसाने पेटारा पैसे देऊन घेतला, दोन देशांत सांभाळला, कापला नाही, रंगवला नाही, त्याला पाय लावून टेबल केले नाही. उरुशीच्या स्वभावाविषयी आरंभी जे लिहिले आहे ते येथे जोडले आहे : सुस्थितीतल्या उरुशीवर सांडलेल्या मद्याचा परिणाम होत नाही, आणि घरातील बंद पडद्यांआडचा कोपरा तिला सूर्यप्रकाशातल्या राजवाड्यापेक्षा अधिक मानवतो. पेटाऱ्याचे कागद हरवले होते. पेटारा शाबूत होता. तुटला तो नोंदीचा धागा, आणि तो तुटला १९४१ साली, एका धनाढ्य घराची आवराआवर होत असताना. चूक शोधायचीच असेल तर ती तेथे शोधावी.

ओळख पटण्यामागे आणखी एक कारण होते. लंडनचा पेटारा तोवर १३० वर्षे सार्वजनिक संग्रहात असल्यामुळे तुलनेला जोडीदार हाताशी होता. १९४१मध्ये दोघेही खासगी घरांत असते, तर मोठ्या पेटाऱ्यावरचे काम उत्तम असल्याचे कोणालाही दिसले असते, पण तो माझारँचा हे सिद्ध करणे फार कठीण गेले असते.

१६ मार्च २०२५

संवर्धनाचे प्रकरण संक्षेपात. माझारँ पेटाऱ्यावर २००४पासून काही वर्षे चाललेल्या प्रकल्पाला गेटी फाउंडेशन आणि तोशिबा इंटरनॅशनल फाउंडेशन यांचे साहाय्य होते. प्रकाशामुळे उरुशीच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या होत्या आणि पूर्वीच्या दुरुस्तीत चढवलेले पाश्चात्त्य वॉर्निश पिवळे पडले होते. जपानी परंपरेत अशा भेगांत पातळ उरुशी जिरवून पृष्ठभाग घट्ट केला जातो. तो उपाय टिकाऊ असतो, पण मागे घेता येत नाही. पाश्चात्त्य संवर्धकांचा नियम असा की, आज केलेले उद्या काढता आले पाहिजे. दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी एकाच टेबलावर बसून, प्रत्येक भागाची स्वतंत्र चाचणी घेऊन मार्ग काढला, ही या प्रकल्पाची मला सर्वाधिक मोलाची वाटणारी गोष्ट आहे. आपल्याकडील संग्रहालयांतही परंपरागत कारागीर आणि प्रयोगशाळेतील संवर्धक एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. या प्रकरणावर वर्गात चर्चेसाठी स्वतंत्र तास ठेवावा, असे सुचवले आहे.

२३ मार्च २०२५

तक्ता अंतिम केला. १९४१ ते १९७० या पट्ट्यात ‘लंडनमधील खासगी मालक’ एवढेच लिहिले असून डॉक्टर आणि अभियंता या दोघांच्याही कुटुंबांची नावे वगळली आहेत. छपाईसाठी तीन छायाचित्रांची परवानगी मागायची आहे : लंडनच्या पेटाऱ्याची दर्शनी बाजू, त्याची किल्ली आणि मारिया व्हान दिमेनच्या डब्याच्या झाकणाची आतली बाजू. वेंगुर्ल्याच्या वखारीचे छायाचित्र आमच्यापैकीच एक सहकारी पावसाळ्यापूर्वी जाऊन काढणार आहेत. किल्लीचे चित्र अर्ध्या पानापेक्षा लहान होऊ नये, असे मांडणीकाराला लेखी कळवले.